टेपचं दुसरं टोक

भिंतभर खिडकी मोजायची तर दोन माणसं लागतात. एकानं टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरायचं, दुसऱ्यानं टेप ताणत न्यायची आणि आकडा वाचायचा. टोक धरायला काय अक्कल लागते, असं गिऱ्हाइकांना वाटतं. साफ चूक. टोक बोटभर सरकलं की पडदा बोटभर आखूड, आणि आखूड पडदा म्हणजे अंगाला न पुरणारा सदरा. आलागेला हसतो.

माझ्या टेपचं टोक माझी मुलगी धरायची. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. शाळा सुटली की ती दुकानात यायची, आणि मी मापं घ्यायला निघालो की माझ्याबरोबर यायची. मी तिला मॅनेजर म्हणतो. लहान होती तेव्हा एक बाई भावावरून माझं डोकं खात होत्या. ही स्टुलावर बसली होती, तिथून म्हणाली, "काकू, परवडत नसेल तर खिडकीच बंद ठेवा ना." बाई तरातरा निघून गेल्या. मी तिला दटावलं आणि आत जाऊन पोट धरून हसलो.

तर मॅनेजरची शाळा संपली आणि तिनं बिझनेसची पदवी घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, देव पावला! मोठ्या शहरातल्या कॉलेजचं माहितीपुस्तक आलं. पहिल्या वर्षापासूनच शाखा निवडायची होती. फायनान्स, मार्केटिंग, सप्लाय चेन, आणि शेवटच्या पानावर फॅमिली बिझनेस. ज्यांच्या घरचा धंदा आहे त्यांच्या मुलांसाठी. महिन्यातला एक आठवडा कॉलेजात जायचं, बाकीचे दिवस आपल्याच दुकानात बसून आपल्याच दुकानाचा अभ्यास करायचा. बाकीच्या शाखांना मात्र पूर्ण वेळ हॉस्टेल.

ते पान मी आमच्या मास्टरना मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्टर म्हणजे आमचे शिंपी. मशीनपेक्षा वयानं मोठे आणि मशीनइतकेच कुरकुरे.

"पोरीला विचारलंत का, मालक?"

"विचारायचं काय त्यात? तिच्यासाठीच काढलीय ही शाखा."

सरळ सांगतो. मला शाखेशी काही देणंघेणं नव्हतं. ती घरात हवी होती. संध्याकाळी कुलूप लावून घरी गेल्यावर आत दिवा लागलेला हवा होता. एवढंच.

मी पाटी नव्यानं रंगवून घेतली आणि पेंटरला सांगितलं, माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी सोड. तिथं 'आणि कन्या' येणार. मास्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाजारात तुरी..."

"तुम्ही शिलाईकडे बघा," मी म्हटलं.

मॅनेजरला मी विचारलं नाही असं नाही. "काय मग, शेवटचं पान ना?" असं विचारलं. ती म्हणाली, "बघू." मी त्या 'बघू'चा 'हो' करून टाकला. ती तेव्हा एका नव्या ताग्यावरची चिठ्ठी वाचत होती. हे तिचं लहानपणापासूनचं वेड. कापड कुठल्या गिरणीत विणलं, कुठल्या बंदरातून निघालं, मधे कुठल्या गोदामात पडून राहिलं. "बाबा, हे तुमच्यापेक्षा जास्त फिरलंय." मी म्हणायचो, "अगं, दुकानात आलं ना? मग झालं तर."

कॉलेजनं एक दिवस ठरवून सगळ्यांना बोलावलं होतं. सकाळी मुलांसाठी नमुन्याचा एक तास, दुपारी काउंटरवर शाखा सांगून जागा पक्की. आम्ही पहाटेच्या बसनं गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी पाटीचा रंग कसा खुललाय ते सांगत होतो.

तिथं मुलांना एकीकडे नेलं आणि आम्हा पालकांना दुसरीकडे. एक टायवाला आम्हाला भिंतीवर आलेख दाखवू लागला. आई-बाप माना डोलवत होते. माझं लक्ष त्याच्या मागच्या पडद्याकडे. काय तो पडदा! एका बाजूला चुण्या दाट, दुसऱ्या बाजूला टक्कल. खाली जमिनीपासून वीतभर वर. एवढं मोठं कॉलेज, आणि टेपचं टोक धरायला धड माणूस मिळाला नाही? मला बसवेना. मी हळूच बाहेर पडलो आणि बाकीचे पडदे बघत सुटलो. खोड, दुसरं काय!

एका मोठ्या वर्गाचं मागचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याला आतून जाडजूड पडदा होता, आवाज अडवायला लावतात तसा. कापड बरं दिसलं. अस्तर कसलं लावलंय बघावं म्हणून मी पडदा आणि दार यांच्यामधे शिरलो, आणि पलीकडून माझ्या मुलीचा आवाज आला.

"पडद्यांचं दुकान," ती म्हणत होती.

शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला ओळखीचा एक छोटा धंदा घ्यायला सांगितला असावा. त्यांनी विचारलं, "बरं. या दुकानाची ताकद काय?"

"मालक. हात सोन्याचा आहे. जीभ मात्र विचारू नका. गिऱ्हाईक भांडून जातं, पण पुढच्या घराला पडदे लागले की परत तिथंच येतं."

मुलं हसली. मीही अंधारात हसलो. माझी मॅनेजर!

"आणि हे दुकान बंद पडलं, तर कशामुळे पडेल?"

ती म्हणाली, "माझ्यामुळे."

"ते कसं?" बाईंनी विचारलं.

"मालक माझे वडील आहेत. मी येणार म्हणून ते हाताखाली माणूस ठेवत नाहीत. शेजारचा गाळा मिळत होता, मी आले की बघू म्हणून सोडून दिला. आता पाटीवर माझ्यासाठी एक ओळ मोकळी ठेवलीय. सगळं दुकान माझी वाट बघत थांबलंय. आणि मला तिथं नाही बसायचं. मला ते कापड जिथून येतं ना, त्या सगळ्या रस्त्यात कुठंतरी काम करायचंय."

"वडिलांना सांगितलंस?"

"नाही. घरात आम्ही दोघंच आहोत. मी सांगितलं तर ते आरडाओरडा नाही करायचे. नुसतं 'बरं' म्हणतील. त्यांचं ते 'बरं' ऐकायची माझी हिंमत नाही, मॅडम. म्हणून मी फॅमिली बिझनेसच घेणार आहे."

बाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. दार हळू लोटून बाहेर आलो.

आधी मला राग आला. खोटं कशाला बोलू? माझ्याच दुकानाची लक्तरं अशी वेशीवर टांगायची? चारचौघांत सांगता येतं, आणि बापाला सांगता येत नाही? पण खोटं काय होतं त्यात? गाळा सोडला होता. माणूस ठेवला नव्हता. मी एका बाकावर बसलो. कोणीतरी चहा आणून दिला, तो हातातच निवला.

तिला सांगावं का, की मी ऐकलंय, जा, तुला हवं ते घे? पण मी तिला ओळखतो. मला कळलंय हे कळलं असतं, तर तिनं हट्टानं शेवटचंच पान घेतलं असतं, आणि वर म्हणाली असती, "मी ते वर्गात उगाच काहीतरी बोलले." खोटं बोलताना ती माझ्यासारखीच कानाची पाळी चोळते, पण बोलते ठामपणे. माझीच मुलगी ती!

दुपारी काउंटरपुढे रांग होती. ती माझ्याजवळ आली आणि हसून म्हणाली, "चला बाबा. शेवटचं पान."

तिचा हात कानाकडे गेला होता.

"मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"म्हणजे? तुम्हीच तर..."

"मी काय? मी पाटी रंगवली म्हणून तू लगेच मालकीण झालीस? दुकान म्हणजे पोरखेळ नाही. मला आता कामाचा माणूस हवाय. मी बघूनसुद्धा ठेवलाय एक."

"कोण?"

"आहे एक. तुझ्यासारखी त्याच्या हातून टेप सुटत नाही. तुझं अर्धं लक्ष त्या चिठ्ठ्यांत. परवा जिन्यातली खिडकी कुणामुळे दोनदा मोजावी लागली?"

ती खिडकी माझ्यामुळे दोनदा मोजावी लागली होती. मी आकडा विसरलो होतो. तिला ते माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. रांगेतले लोकही बघत होते. बघू देत म्हटलं.

"म्हणजे दुकानात मी नको?"

"नको," मी म्हटलं. "तू जा त्या बंदरांच्या मागे. ती दुसरी शाखा घे, सप्लाय का काय नाव तिचं. माझ्या डोक्याला ताप नको."

काय काय आलं आणि गेलं तिच्या चेहऱ्यावर. त्यात आनंद होता, मी पाहिला. पण तो वर यायच्या आत त्याच्यावर दुसरंच काहीतरी आलं. एवढीशी असताना दुकानात झोप लागली की मी तिला उचलून घरी न्यायचो, आणि मधेच जाग आली की आपण कुठं आहोत ते कळेपर्यंत ती अशीच बघायची.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. आणि मला कळलं, ही पोर कशाला घाबरत होती.

येतानाच्या बसमधे तिनं एकदा पाण्याची बाटली पुढे केली, मी एकदा खिडकी लावून घेतली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "त्या माणसाला कधीपासून बोलावलंय?" मी म्हटलं, "येईल. घाई काय आहे?"

ती हॉस्टेलला गेली त्याला आता बरेच दिवस झाले. घरात दिवा मीच लावतो. दुकानातून निघताना मास्टर विचारतात, "येऊ का थोडा वेळ?" मी म्हणतो, "कशाला? मला काय धाड भरलीय?" ते जातात. मग वाटतं, हो म्हणायला हवं होतं.

रविवारी तिचा फोन येतो. पहिल्या पहिल्यांदा बोलायला काही नसायचं. जेवलीस का, जेवलात का, संपलं. मग मी ताग्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लागलो. नवा माल आला की चिठ्ठी काढून ठेवतो आणि रविवारी तिला वाचून दाखवतो. ती तिकडून सांगते, हे बंदर कुठलं, इथून बोटीला किती वळसा पडतो, आता हा माल दुसऱ्या वाटेनं का आणतात. बोलता बोलता तिचा आवाज चढतो. मला त्यातलं अर्धं समजत नाही. मी मधेमधे "अस्सं!" म्हणतो.

मागच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी एका नव्या घरात माप घेत होतो. घरमालकानं किल्ली देऊन ठेवली होती, आत सामान नाही, माणूस नाही, समोर भिंतभर खिडकी. टेपचं टोक कोपऱ्यात ठेवलं होतं आणि त्यावर दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री. तिची आई याच इस्त्रीनं चुण्या बसवायची. जड आहे, हलत नाही. हल्ली मी ती पिशवीत घालून सगळीकडे नेतो.

"कामात आहात का?" तिनं विचारलं.

"माप घेतोय."

"तो माणूस आलाय बरोबर?"

"आलाय की."

"नीट धरतो का टोक?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. "नीट धरतो. सरकत नाही मुळीच."

"माझ्यापेक्षा बरा आहे?"

माझा हात कानाच्या पाळीवर गेला. फोनवर दिसत नाही, ते एक बरं.

"बरा आहे," मी म्हटलं. "फक्त बोलत नाही फार."

तिकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, आकडा सांगा. मी लिहून घेते. तुम्ही विसरता."

मी टेप ताणली आणि तिला आकडा सांगितला.