कस्तुराबाईचा उपास

“तुमच्या उपासाच्या बाईला जरा बघा, ताई,” आडतवाला गुंडप्पा पुनमला म्हणाला होता. “कस्तुराव्वा माझ्या आडतीवर सांडलेली तूर वेचते अन् तशीच कच्ची चघळून राहते. तुमच्यात उपासाला कच्ची तूर चालते काय?”

पुनमला ते बोलणं खवचट वाटलं. लग्न होऊन उदगीरला आल्यापासून येशूवर विश्वास नसलेल्यांनी केलेली चेष्टा तिनं पुष्कळ ऐकली होती. “आमच्या उपासाचं तुम्हाला काय कळणार, काका,” असं म्हणून तिनं कडेवरचा सत्यम सावरला आणि ती पुढं झाली. बी.ए. झालेली, ख्रिस्ती मंडळीत बायकांपुढं शास्त्र वाचणारी बाई ती. आडतवाल्याचं काय म्हणून मनावर घेणार?

कस्तुराबाई मंडळीतली सगळ्यांत म्हातारी. जन्मभर आडतीवर धान्य निवडलं; डोळे अधू झाले तसं काम सुटलं. मागं-पुढं कुणी नाही. रेशनच्या मशीनवर तिचा झिजलेला अंगठा उठेना, म्हणून धान्यही थांबलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी मंडळीच्या पत्र्याच्या शेडात साक्षीची, म्हणजे प्रभूनं काय दिलं ते सांगायची, वेळ झाली, की ती खांबाला धरून उभी राहायची आणि म्हणायची, “प्रभूनं मला काही कमी केलं न्हाई. लई सुखात हाय मी.” शेडभर आमेन उठायचं.

एकदा कुणीतरी विचारलं, “बाई, लई वाळलात की हो?” लाजेकाजेनं तिच्या तोंडून निघून गेलं, “उपास हाय.” झालं! पास्टर संगमेशनं पुढं उभं राहून ते सगळ्यांना सांगितलं. कस्तुराबाईकडून शिका म्हणाला. तेव्हापासून उपासनेनंतरची खिचडी तिच्यापुढून तशीच पुढं जाऊ लागली. वाढणाऱ्या बायका मोठ्या मानानं तिला ओलांडून जायच्या.

सत्यम तेव्हा जेवायला फार छळायचा. त्याचं वजन भरत नाही म्हणून पुनमच्या जिवाला घोर. एका दुपारी कस्तुराबाई सहज आली आणि वाटी हातात घेऊन बसली. “एक घास तुझा, एक घास आजीचा.” पोरगं आ वासून खाऊ लागलं. पुनम ओट्याशी उभी राहून बघत होती. आईची नजर, लेकराच्या पोटात किती गेलं ते तिला लांबूनही कळायचं. त्या दिवशी तिला दुसरंही कळलं. आजीचे घास मोठे होते. शेवटी म्हातारीनं वाटी बोटानं पुसून घेतली.

गुंडप्पाची तूर तिच्या डोळ्यांपुढं आली.

दुसऱ्या दिवशी वाटीच्या जागी तिनं ताट भरलं. “बाई, हा तुमच्याशिवाय तोंडच उघडत नाही बघा.”

“मग येते की रोज,” कस्तुराबाई म्हणाली. “उपास हाय माझा, पर लेकरासाठी मोडला तर प्रभू थोडाच रागावते?”

रोज दुपारी असं जेवण होऊ लागलं. सत्यम बाळसं धरू लागला. म्हातारीच्या गालांवरही थोडं मांस आलं. पुनमनं एकदा हळूच विचारलं, “बाई, खरं सांगा, भूक लागते ना हो?”

“लागते की. न लागायला काय झालं? पर भूक येगळी अन् कमी असणं येगळं, पोरी. कमी मला खरंच काही न्हाई.”

भरल्या डब्यांच्या घरात राहून पुनमला हे कधी म्हणता आलं नव्हतं.

मग ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ जवळ आला. रविवारी पास्टर संगमेश उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. त्या दिवसांत तो स्वतः एक वेळच जेवायचा. “यंदा कस्तुराबाई सगळ्या मंडळीसाठी उपास धरणार,” त्यानं आनंदानं सांगितलं. “ईस्टरपर्यंत निव्वळ पाण्यावर. या शेडाच्या जागी पक्कं चर्च व्हावं म्हणून.” टाळ्या पडल्या. कस्तुराबाई खाली मान घालून बसली होती. तिला आधी कुणी विचारलं असेल, असं काही तिच्या तोंडावरून वाटेना.

पुनम उठली. तिच्या नवऱ्यानं, सुदामनं, पलीकडच्या रांगेतून डोळे वटारले. “बस खाली!”

ती बसली नाही. “तिचा उपास नाहीय. तिच्या घरात खायलाच नाहीय. इतके दिवस ती माझ्या घरी, सत्यमच्या ताटात जेवते. पाण्यावर ठेवलंत तर मरेल ती!”

मग खिचडी वाढणारी जया म्हणाली, “अगं माय! लेकराच्या ताटातलं?” मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“बाई, तुम्हीच सांगा,” पास्टर गोंधळून म्हणाला. “खरं काय?”

कस्तुराबाईला उठायला वेळ लागला. तिनं खांब धरला. “पोरगी तरणी हाय. जीव लावते, म्हणून कायबी दिसते तिला. मला काही कमी न्हाई. उपास मी धरणार हाय.”

एवढं मोठं आमेन त्या शेडात कधी झालं नव्हतं.

“शिकलेल्यांना दुसऱ्याची भक्ती बघवत न्हाई,” चपला घालताना जया पुनमला ऐकू जाईल असं म्हणाली. पुनमनं दाराशी कस्तुराबाईचा हात धरला. म्हातारीनं तो अलगद सोडवून घेतला.

“माझ्याजवळ एवढंच होतं, पोरी. रविवारी उभं राहून म्हणायचं. तू सगळ्यांम्होरं मला भिकारीण केलंस.”

त्या दुपारी ती आली नाही, त्यानंतरही नाही. पुनम डबा घेऊन तिच्या घरी गेली, तर आतून कडी. “बरी हाय मी. लेकराला भरव.” सत्यम पत्र्यावर थापा मारत आजी, आजी करत राहिला. उंबऱ्यावर ठेवलेल्या डब्याला दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या होत्या.

उपास सुरू झाला आणि त्याच आठवड्यात सुदामची नांदेडला बदली झाली. पुनमनं तिथून जयाला फोन लावला.

“कस्तुराबाई? अगं, काय तेज आलंय तोंडावर! आता उठत न्हाई, पडल्या पडल्याच प्रार्थना करून राहिली. आम्ही सगळ्या जाऊन डोक्यावर हात ठेवून घेतो तिचा.”

“जया, तिला दवाखान्यात ने गं. पाया पडते तुझ्या.”

“पुन्हा तेच? सैतान असाच आडवा येते बघ, माय,” म्हणत जयानं फोन ठेवला. पास्टर तर पुनमचा फोन उचलतच नाही.

ती स्वतःच गेली असती. पण सत्यम तापानं फणफणलाय, नांदेडच्या दवाखान्यात त्याच्या हाताला सलाईन आहे आणि आई नजरेआड झाली की तो सुई उपटतो. त्याच्या उशाशी बसून ती उदगीरकडच्या ओळखी आठवत राहते, आणि सगळ्या ओळखी मंडळीतल्याच निघतात; एक गुंडप्पा बाहेरचा, पण त्याचा नंबर तिनं कधी घेतलाच नव्हता.

म्हणून तिचं तुमच्याकडं मागणं आहे. उदगीरला जाणार असाल तर धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं पत्र्याचं घर आहे. हाक मारा. आतून ‘बरी हाय’ असं आलं, तर तेवढ्यावर माघारी फिरू नका, आत जा. आणि काहीच आलं नाही, तर वाट बघू नका. कडी जुनी आहे, खांदा लावा.