हिरव्या केळ्यांचे डोहाळे

नाताळला तीन दिवस होते, आणि दोन्या ब्राउलियाच्या, म्हणजे ब्राउलियाबाईंच्या, स्वयंपाकघरात असा वास कोंडला होता की तिच्या सुनेला, एर्मेलिंदाला, दारातच उमासा आला.

परातीत कोंबड्यांची जठरं होती. एर्मेलिंदाच्या नवऱ्याने, सिप्रियानोने, ती आदल्या दिवशी उतुआदोच्या बाजारातून घेतली आणि भर उन्हात, वाटेत मित्रांच्या अंगणांत थांबत थांबत डोंगरावर आणली. आता ती हिरवट पडली होती. चिरली की आतून खडे आणि कुजका मका निघे. पिवळं अस्तर सोलताना बुळबुळीत काहीतरी नखांत जाऊन बसे. एर्मेलिंदाने तोंडाने श्वास घेऊन पाहिला, तर वास जिभेवर येऊन बसला.

"दोन्या, खराब झालीत वाटतं ही," ती म्हणाली.

"पॉन्सेच्या पोरींना सगळ्याचाच वास येतो," सासू म्हणाली. "तुमच्या समुद्रावर मासळी सडते, तिचा बरा येत नाही."

हाताला चीक लागू नये म्हणून सासूने बोटांना तेल चोळलं होतं आणि ती उकडलेली हिरवी केळी भराभर सोलत होती. मग कांद्याच्या चकत्या, तमालपत्र, मिरे, ऑलिव्हचं तेल आणि व्हिनेगर. ते सगळं केळ्यांसकट आणि उकडलेल्या जठरांसकट काचेच्या बरणीत दोन दिवस मुरायचं. दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी अख्खा डोंगर या बरणीसाठी ब्राउलियाच्या अंगणात जमे. भाजलेलं डुक्कर काय, कुणाकडेही मिळालं असतं.

सासूने व्हिनेगरची बाटली नाकाशी धरून खोल श्वास घेतला. तिच्या पापण्याही लवल्या नाहीत. तेव्हा एर्मेलिंदाला सगळा उलगडा झाला. पावसाळ्यातल्या तापानंतर सासूच्या हातून कॉफीचे दाणे दोनदा जळले होते. धुरात उभी राहून ती ढवळतच राहिली होती, आणि दोन्ही वेळा बोलणी सुनेला बसली होती.

ती मागच्या भिंतीशी जाऊन ओकली. नेमकी तेव्हाच शेजारीण ओब्दुलिया तमालपत्र मागायला आली. एर्मेलिंदाने परोपरीने सांगितलं की तसं काही नाही, नुसता वास सहन झाला नाही. पहिलटकरणी असंच म्हणतात, म्हणून ओब्दुलिया हसली. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं आणि सगळे वाटच पाहत होते. संध्याकाळपर्यंत बातमी डोंगराच्या पायथ्याला पोचली. सासूने पाण्याची बादली सुनेच्या हातून काढून घेतली.

जेवणाच्या दिवशी दुपारी अंगण भरलं. ब्राउलियाने बरणी आणून टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. वर करडा फेस आला होता. त्यातून जठरांचे तुकडे मेलेल्या बेडकांसारखे तरंगत होते. मुरल्याने वास गेला तर नव्हताच, उलट आंबून फुगला होता. सासूने वाकून दोनदा वास घेतला आणि चेहऱ्यावर समाधान आणलं. पहिली बशी ओब्दुलियाची असे. ओब्दुलियाच्या जिभेला एखादी गोष्ट लागली की त्याची चर्चा वर्षभर दारोदार फिरायची.

एक घास, आणि सासूचं नाव गेलं असतं. एर्मेलिंदा पुढे झाली.

"दोन्या, ही बरणी मला द्या. सगळी. डोहाळे लागलेत मला."

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाच्या कपाळावर केळ्याचा डाग उमटतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओब्दुलियाने आपली बशी निमूट खाली ठेवली.

"घे बाई, तुझीच ती," ती म्हणाली. "पण एक घास आमच्यादेखत खा."

एर्मेलिंदाने केळ्याची फोड उचलली. तोंडात घालताच ती भिजल्या साबणासारखी फुटली. मागून तेल, आणि तेलामागून ती सडकी चव घशापर्यंत सरपटत गेली. फोड वर आली. तिने ती परत गिळली आणि हसली. समोर सिप्रियानोचे डोळे भरून आले होते. ते पाहणं त्या घासाहून वाईट होतं.

बरणी छातीशी धरून ती घरामागे केळीच्या बनात गेली. आधी पोटातलं सगळं बाहेर काढलं, मग खड्डा करून बरणी रिकामी केली. कुत्रं आलं, हुंगलं आणि शेपूट घालून गेलं.

मागे पावलं वाजली. सासू होती.

"मूल नाही ना?"

"नाही, दोन्या."

ब्राउलिया खड्ड्याकडे बघत राहिली. तिने वाकून नाक पार खाली नेलं, कुत्र्याने नेलं होतं तितकं, आणि रिकाम्या चेहऱ्याने उठली.

"मला कसलाच वास येत नाही गं," ती म्हणाली. "सिप्रियानोला उद्या मी सांगते. शिव्याही मीच खाते. आज त्याला नाचू दे."

दोघींनी पायांनी माती लोटली. मागच्या दाराशी येऊन सासूने बरणीत चुलीतली राख आणि पाणी घातलं, हात कोपरापर्यंत आत घालून घासली, विसळली आणि सुनेच्या नाकाशी धरली.

"गेला?"

एर्मेलिंदाने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"नाही गेला."

"बरं," म्हणून ब्राउलियाने पुन्हा राख घेतली.