कोऱ्या टर्मिनलसमोर विनोदिनी

शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात विनोदिनी पहिल्यांदाच एकटी आली होती. एरवी ऑफिसातला अभिनव यायचा, पण तो रजेवर. दोन नंबर गेटवरचा ट्रक तोलायचा काटा बंद पडला होता आणि तो चालवणारं सॉफ्टवेअर तेलीबांध्याच्या त्यांच्या छोट्याशा कंपनीचं. "जमेल ना ताई?" असं कंपनी चालवणाऱ्या शिशिर सरांनी विचारलं, तेव्हा ती झटकन "हव" म्हणून मोकळी झाली. नाही जमलं तर पुन्हा आधीसारखं गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेत फोनवर 'आपकी शिकायत दर्ज हो गई है' म्हणत बसायचं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

सर्व्हरसमोर बसून तिने कीबोर्डवरची काळी धूळ ओढणीने पुसली आणि 'हाकल' टाइप केलं. अशी कमांड नाही, असं मशीन म्हणालं. 'पाय' टाकलं. तीही नाही.

ऑफिसच्या मशीनवर तिने ओह-माय-झीश टाकलेलं होतं, कमांड लिहायच्या खिडकीला, म्हणजे शेलला, सजवायचं-सांभाळायचं फुकटचं फ्रेमवर्क. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता व्हिडिओ बघून शिकलेली बाई ती. रंगीत प्रॉम्प्ट, दोन अक्षरं लिहिली की पुढचं सुचवणारं प्लगइन, आणि लांबलचक कमांडना ठेवलेली घरची नावं: प्रोग्रामच्या नोंदींचा लॉग बघायचा तर 'पाय', म्हणजे पाहा, अडकलेला प्रोग्राम बंद करायचा तर 'हाकल', पुन्हा चालू करायचा तर 'उठव'. लाड इतके झाले की अख्खी कमांड शेवटची कधी लिहिली तेच आठवेना. इथलं मशीन मात्र कोरं. इंटरनेट नाही, पेन ड्राइव्हला बंदी.

"दीदी, ट्रकवाले हॉर्न पे हॉर्न मार रहे हैं," गेटवरचा सुशील दारातून डोकावला.

"हो भैया, करूनच राहिली."

काहीच करून राहिली नव्हती. तिने ऑफिसात स्वरदाला फोन लावला. पोरगी मराठी समजायची सगळं, उत्तर हिंदीत द्यायची.

"स्वरदा, माझ्या मशीनवर बस. 'अलियास' टाइप कर, माझी सगळी नावं आणि त्यांच्या मागच्या कमांड दिसतील."

"दीदी, ये क्या क्या नाम रखे हैं आपने!" स्वरदा खिदळली.

"हसशील मंग. आधी 'हाकल' वाच."

स्वरदाने एकेक अक्षर सांगितलं. 'काटा' नावाचा जो जो प्रोग्राम दिसेल तो बंद कर, असा त्या कमांडचा अर्थ. विनोदिनीने सगळं लिहिलं. एंटरवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"क्या हुआ दीदी?"

"थांब बाई. आपल्या ऑफिसात काट्याचा प्रोग्राम एकच चालतो. इथं दोन गेटचे दोन. एक नंबर गेटवर आत्ता ट्रक उभा असंल. हे दाबलं तर दोन्ही झोपतील."

"अरे बाप रे. फिर?"

विनोदिनीने ओळ पुसली. ती कमांड तिनेच कधीतरी लिहिली होती, नाव दिलं होतं आणि आत काय आहे ते विसरून गेली होती. आता तिने आधी चालू प्रोग्राम दाखवायला सांगितले, दोन नंबर गेटवाला कोणता ते नीट पाहिलं आणि फक्त त्याचाच क्रमांक देऊन तो बंद केला. मग स्वरदाकडून 'उठव'ची कमांड ऐकून, एका बोटाने अक्षर अक्षर लिहून तोच पुन्हा चालू केला.

बाहेर हॉर्न थांबले. "चढ़ाओ, चढ़ाओ!" सुशील ट्रक काट्यावर घ्यायला ओरडला.

परतीच्या वाटेवर सरांचा फोन. "एकटीनंच केलं म्हणे?"

"नाही सर. स्वरदानं वाचलं, मी लिहिलं."

सर म्हणाले, "बरं. पुढच्या आठवड्यात भिलाईचा काटाही तुम्हीच बघा."

"बघते," विनोदिनी म्हणाली. "पण त्या दिवशी स्वरदाले सुट्टी देऊ नका."