चपलेनं निवडलेलं टायर

"हे चिखलाचं टायर हाये, ताई. उन्हाळ्यात हे तुमाले दगा देते."

सूर्यभान मिस्त्रीनं मागच्या चैत्रात हे सांगितलं तेव्हा प्रियदर्शनीनं मान डोलावली आणि ती गोष्ट तिथंच, अमरावतीच्या कठोरा नाक्यावरच्या त्याच्या टिनाच्या दुकानासमोर टाकून सायकलवर टांग मारली. त्यात उद्धटपणा नव्हता. ती भातकुलीच्या काळ्या मातीत वाढलेली. पाऊस पडला की ती माती चपलेला धरून ठेवते, बैलाच्या खुराला धरून ठेवते, आणि तिच्यातून बाहेर निघतो तो फक्त ट्रॅक्टर. का, तर त्याच्या मागच्या चाकाचे दात मुठीएवढे असतात. हे तिनं बापाला, म्हणजे पंजाबरावांना, चिकटून ट्रॅक्टरवर बसून पाहिलेलं. ज्याचे दात मोठे त्याची पकड मोठी, हा पाढा तेव्हापासून पाठ. पुढं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, तरी तो पाढा काही पुसला गेला नाही. जुनी घेतलेली डोंगरी सायकल, तिच्या टायरांना रबराचे उंच उंच दात, आणि प्रियदर्शनीला वाटायचं की आपण अर्धा ट्रॅक्टरच दारात आणला.

आठ दिवसांत छत्री तलावामागच्या उतारावर तो ट्रॅक्टर आडवा झाला. खाली टणक मुरूम, वर बारीक खडे, जणू फरशीवर कोणी ज्वारी सांडून ठेवलेली. वळणावर टायरचे उंच दात मातीत रुतायला गेले, रुतायला मातीच नव्हती, तेव्हा ते वाकले आणि पुढचं चाक तिच्या हातातून निसटलं. उजवं कोपर मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

कोपराचं दुखणं ती विसरली. विसरली नाही ती मित्राचं. लेकीचं नाव संघमित्रा, घरात मित्रा, तेव्हा अडीच वर्षांची. रोज सकाळी ती दोन्ही हात वर करून आईसमोर उभी राहायची आणि आई तिला उचलू शकत नव्हती. चार दिवसांनी तिनं हात वर करणंच सोडलं, सरळ आजीकडे जायला लागली. आजी म्हणजे सुंदराबाई, प्रियदर्शनीच्या सासूबाई. त्या नातीला कडेवर घेऊन शेजारणीला ऐकवायच्या की लेकरू झाल्यावर बायका लोणचं घालतात, आमची डोंगर उतरून राहिली.

वर्षभर सायकल गॅलरीत चादर पांघरून उभी होती. प्रियदर्शनी तिच्यावर कपडे वाळत घालायची. आणि एके दिवशी अकोल्याहून रागिणीचा, कॉलेजातल्या मैत्रिणीचा, निरोप आला: आमच्या बायकांचा ग्रुप एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पातूरच्या डोंगरात सायकली नेतोय, चौदा किलोमीटर, तू येच. तो निरोप तिनं भाजी परतता परतता तीनदा वाचला. भाजी लागली. नवरा, नागसेन, ती तशीच खाऊन उठला. त्याला कळलं होतं.

मग अट तिनंच घातली, कोणी घालायला लावली नाही. नागसेनच्या ऑफिसातले देवमन साहेब ती सायकल मागत होते, दोनदा विचारून झालं होतं. त्या रविवारी पातूरच्या उतारावरचं मोठं वळण, ज्याबद्दल रागिणीनं बजावलं होतं, ते पाय न टेकता उतरले तर सायकल घरात राहील. भिऊन उतरून, हातात धरून नेली, तर सोमवारी देवमन साहेबांनी न्यावी. गॅलरीत उभी असलेली भीती रोज बघायची म्हणजे काय, हे तिला एका वर्षात पुरतं कळलं होतं. नागसेन हो म्हणाला. पण त्याच रात्री त्यानं सायकलवरचे कपडे स्वतः काढून घडी घातले, हे तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती सूर्यभानकडे गेली. आता तरी चांगलं टायर सांगा, म्हणाली. म्हातारा एका मुलाची चेन बसवत होता. त्यानं मान वर केली नाही, नुसतं विचारलं की वाट पाहिली का. तिनं रागिणीनं पाठवलेले फोटो दाखवले. त्यावर तो हसला. फोटोत काटा टोचत नाही, म्हणाला.

"जुन्या रबरी चपला घालून थ्या वाटेनं एकदा चालून येजा. आन् चपला धुजा नका. तशाच मले आनून देजा."

हा त्याचा जुना रिवाज होता. सायकलवर दूध घालणारे, खेड्यातले पोस्टमन, शाळेत जाणारी पोरं, कोणी टायर मागायला आलं की हा आधी त्याची चप्पल उलटी करून बघायचा. माणूस खोटं सांगतो, दुकानदार खोटं सांगतो, चप्पल सांगत नाही.

या वेळी प्रियदर्शनीनं गोष्ट टाकून दिली नाही. पुढच्याच सुट्टीला नागसेन आणि मित्रासह अकोल्याला गेली, आणि पहाटे रागिणीबरोबर पातूरच्या डोंगरात चढली, पायात न्हाणीतल्या निळ्या स्लिपर. रागिणी वाटेत तिला सारखी चिडवत होती की तू सायकल चालवायला आलीस की नवस फेडायला. पण प्रियदर्शनीची नजर खाली लागली होती. लहान लेकराची आई खोलीत शिरल्याबरोबर कोपरे, टोकं, वायरी बघते, तशी ती वाट बघत होती. कुठं मुरूम सुटा आहे, कुठं दगड पक्का बसलाय, कुठं सराट्याची वाळलेली काटेरी वेल वाटेवर पसरलीय. आणि त्या मोठ्या वळणाशी ती बराच वेळ उभी राहिली. चढावर धाप लागली नव्हती ती इथं लागली.

परतताना चपला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं की कोणाच्या आहेत. तपासायला नेतेय, ही म्हणाली. बाई थोडी सरकून बसली.

सूर्यभाननं चपला उलट्या करून गुडघ्यावर ठेवल्या आणि चिमट्यानं एकेक काटा उपटून वर्तमानपत्रावर ठेवायला लागला. प्रियदर्शनी नकळत उकिडवी बसली. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या फळ्याकडेही तिनं इतकं वाकून पाहिलं नव्हतं. एकतीस सराटे, दोन बाभळीचे काटे. सराटे सगळे तळाच्या मधोमध. कडा मात्र घासून गुळगुळीत झालेल्या, डाव्या चपलेची जास्त.

त्यानं बोट फिरवत उलगडा केला. सरळ चालताना पाऊल मध्यावर पडतं, तिथं जमीन टणक, म्हणून सराटे मातीत न दबता तळात घुसले; म्हणजे टायरला मधोमध दात बुटके पाहिजेत, जवळजवळ, वाकायला जागाच नको. कडा घासल्या म्हणजे उतारावर पाय बाजूला घसरला. तेव्हा काठाचे दात जाड आणि दणकट पाहिजेत, वळणावर सायकल कलली की तेच धरतात. पुढचं टायर रुंद, रबर थोडं मऊ. मागचं त्याहून बुटक्या दातांचं चालेल, त्याला नुसतं पळायचं आहे. सराटे टळत नाहीत, म्हणून ट्यूबमध्ये भोक बुजवणारं पांढरं औषध ओतायचं. आणि हवा टणक भरायची नाही. हे त्यानं तिच्याकडे रोखून बघत सांगितलं, कारण काट्याची जागा म्हटली की आपल्याकडं सगळे टायर दगडासारखं करून ठेवतात, आणि दगड दगडावरून घसरतो.

"अंगठा दाबून पायजा," तो म्हणाला. "पिकत आलेल्या संत्र्यासारखं लागलं पायजे."

ती नागसेन आणि मित्राला घेऊन पुन्हा अकोल्याला गेली. तिथल्या मोठ्या सायकल दुकानात विक्रेत्यानं तिला आधी काय दाखवावं, तर उंच दातांचं काळंकुट्ट टायर. मॅडम, यापेक्षा तगडं नाही, म्हणाला. वर्षापूर्वी तिनं तेच छातीशी धरून नेलं असतं. आज तिनं त्याचा एक दात अंगठ्यानं ढकलला, तो वाकला, आणि तिनं टायर परत दिलं. मग एकामागून एक. हे मधोमध विरळ. हे काठाला पोचट. याची बाजूची भिंत पातळ, दगडानं चिरेल. विक्रेता शिडीवर चढत होता, उतरत होता, नागसेन स्टुलावर बसून हळूच म्हणाला की लग्नाच्या शालूला एवढा वेळ लागला नव्हता. ती म्हणाली, शालू नेसून मला डोंगर उतरायचा नव्हता.

शेवटी चार टायरं जमिनीवर ठेवली तेव्हा मित्रा त्यांच्यामधून फिरली, एकेकावर तळहात घासत. एकापाशी थांबून हसायला लागली. हे गुदगुल्या करतं, म्हणाली. प्रियदर्शनीनं पाहिलं, तर मधले दात बुटके, जवळजवळ, काठाचे जाड. रुंदी सव्वादोन इंचांच्या वर. तिनं त्याचा वास घेतला. नव्या रबराचा, शाळेच्या पहिल्या दिवसाच्या बुटांसारखा.

टायरं बसवायची तर ऊन बघून कोण बसतं. शुक्रवारी भर दुपारी ती सूर्यभानकडे पोचली. बाहेर पंचेचाळीस, टिनाखाली किती ते देव जाणे. चाकं बसली, औषध ओतलं गेलं, म्हातारा खुशीत होता, चाक गरकन फिरवून त्याचा आवाज ऐकवत होता. पण प्रियदर्शनीची नजर ती, आईची. तिनं पाहिलं की त्याच्या कपाळावर घामच नाही, आणि एवढ्या उन्हात घाम आटला म्हणजे उष्माघात दाराशी. कातडी कोरडी, ओठांवर पापुद्रे, माठ उपडा पडलेला. उठताना त्यानं खांब धरला. ती शेजारच्या रसवंतीवरून पाण्याची बाटली घेऊन आली, त्याला पाजली, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, आणि बजावलं की बारा ते चार दुकान बंद ठेवत जा, घरी जाऊन पडा.

घरी कोण हाये, म्हणाला. मग हात हलवून तिचं बोलणं माशीसारखं उडवलं.

"मले काय होते, ताई. म्या साठ उनाळे पाह्यले."

आणि तिला लख्खकन आठवलं की आपणही मान डोलावून त्याचा सल्ला असाच टाकून दिला होता.

रविवारी पातूर. सूर्य अजून डोंगराआड, अकरा बायका, अकरा सायकली, कोणाच्या डब्यात ठेपले तर कोणाच्या डब्यात कळण्याची भाकर. प्रियदर्शनीनं ब्रेक तीनदा तपासले, हेल्मेटचा पट्टा पाचदा. चढ सरला, पहिला छोटा उतार लागला, आणि पुढचं चाक टणाटण उडायला लागलं. हँडल हातात थरथरू लागलं. तीच थरथर, छत्री तलावाची. ती थांबली. पाय टेकला. 

मग तिनं टायरवर अंगठा दाबला. दगड. रात्री रागिणीच्या घरी सगळे झोपल्यावर, काट्यांच्या भीतीनं, तिनंच उठून पंप मारला होता. पंपावरचा हवेचा काटा पंचेचाळीसवर जाईपर्यंत. लेकरू झोपलं तरी त्याच्या अंगावर आणखी एक पांघरूण टाकावं, तसं. तिला हसू आलं. तिनं ट्यूबच्या नळीचं टोपण काढून आतली पिन दाबली, फुस्स, फुस्स, पुन्हा अंगठा, पुन्हा फुस्स, पिकत आलेल्या संत्र्यापर्यंत. मागून रागिणी ओरडली की आम्ही जेवायला खाली भेटू का. प्रियदर्शनीनं टांग मारली.

आता चाक उडत नव्हतं. जमीन चाटत होतं. खडे टायरखाली कुरकुरत होते, दात त्यांना दाबून पुढं जात होते, वारा कानात शिरत होता आणि पळसाची वाळकी पानं दोन्ही बाजूंनी उधळत होती. मोठं वळण आलं. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. बाहेरचा पाय खाली, सायकल कलवली, आणि ज्या क्षणी मागच्या वर्षी चाक निसटलं होतं, त्या क्षणी काठाच्या दातांनी मुरूम धरला. तिला तो कर्रकन हातापर्यंत जाणवला. धरला आणि सोडला नाही. वळण संपलं तेव्हा ती तोंड उघडं टाकून हसत होती, दातांवर धूळ. मागच्या टायरमधून सूं आवाज आला, पांढऱ्या फेसाचा एक ठिपका उडाला आणि आवाज बंद. सराटा आत, हवा पण आत.

पायथ्याशी नागसेन मित्राला घेऊन उभा होता. तिनं सायकल आडवी टाकली. मित्रानं दोन्ही हात वर केले, आणि प्रियदर्शनीनं तिला उजव्या हातानं उचललं. कोपर दुखलं नाही. नागसेननं तिथूनच देवमन साहेबांना कळवलं की सायकल विकायची नाही.

मग तिनं सूर्यभानला फोन लावला. संत्र्याची गोष्ट त्याला सांगायची होती, आणि तो हसला असता. रिंग गेली. पुन्हा लावला. दहा वाजता, अकरा वाजता, बारा वाजता. शेजारच्या रसवंतीवाल्याचा नंबर तिच्याकडे नाही. सुंदराबाई वरुडकडे लग्नाला गेल्यात. सूर्यभान फोन डब्यात ठेवतो, त्याला ऐकू येत नाही, असं नागसेन म्हणतो, आणि तसंच असेल. रविवारीही तो दुकान उघडतो. अमरावतीची गाडी आहे साडेचारला.

म्हणून ती हे वाचणाऱ्या तुम्हालाच सांगतेय. तुमच्यापैकी कोणी कठोरा नाक्याकडून जात असेल, तर कडुनिंबाशेजारच्या टिनाच्या दुकानापाशी दोन मिनिटं गाडी थांबवा. म्हातारा स्टुलावर बसलेला असेल. मले काय होते, म्हणेल. ऐकू नका. आधी पाणी हातात द्या, मग त्याच्या कपाळाला हात लावून बघा, घाम आहे ना.