मशीन काढली की नाटक पडलं

मी कानाची मशीन बोलतेय. उजव्या कानाची. बोलणं माझं काम नव्हे, ऐकवणं माझं काम. पण दुसऱ्यांचं ऐकवून ऐकवून माझ्याही पोटात बरंच साठलंय.

लातूरच्या एका दुकानात मी काचेखाली पडले होते. तिथून मला वीरण्णांनी आणलं. त्यांचा डाळीचा धंदा. आडतीवर सौदा ऐकण्यापुरती मला लावायचे आणि घरी आले की ड्रॉवरमध्ये टाकायचे. "घरात काय ऐकायचंय?" म्हणायचे. घरात तेव्हा त्यांची बायको महानंदा बोलत असायची.

वीरण्णा गेले. पुढं महानंदाबाईंचे कान मंद झाले. मुलगा नवी मशीन आणतो म्हणाला, तर त्यांनी मलाच बाहेर काढलं आणि दुकानात नेऊन आपल्या कानाला बसवून घेतलं. "हिनं आजवर नुसता तुरीचा भाव ऐकलाय. हिला जरा नाटक दाखवते."

त्यांच्याइतकी नाटकं बघितलेली बाई लातुरात दुसरी असेल तर मला दाखवा. शाळा चौथीपर्यंत. पण लहानपणी निलंग्याला बाजाराच्या मैदानात नाटक आलं की आईशेजारी पोतं अंथरून पहिल्या घंटेपासून बसायच्या. ते सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो. पडद्याला ठिगळं, राजाच्या मिशीला डिंक, माईकचं नावच नाही. "पण राजा कुजबुजला तरी मागं सोडलेल्या बैलगाड्यांपर्यंत ऐकू जायचं गं!" ते नाटक मी ऐकलं नाही. माझ्या जन्माआधीचं ते. तरी मला त्याची आठवण येते, इतक्यांदा त्यांनी सांगितलंय.

त्यांचं मत पेपरात छापून येत नाही. नाटक खोटं वाटलं की त्या मला कानातून काढतात आणि रुमालात बांधतात. झालं परीक्षण! बंद करायचं मात्र विसरतात. मग मी रुमालात शिट्टी मारते. मुद्दाम नव्हे हो, माझी जातच तशी. पण त्यांना अव्वा, म्हणजे आजी, म्हणणारी लातूरची नाटकवाली पोरं घाबरून असतात. "अव्वानं मशीन काढली की नाटक पडलं," म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मुंबईचं विनोदी नाटक आलं होतं. टीव्हीतला नट दिसला की टाळ्या, तो शिंकला की टाळ्या. विसाव्या मिनिटाला मी रुमालात. बाहेर शेजारच्या सिंधुताईंनी विचारलं, "कसं वाटलं वो?"

"त्याच्या गळ्यात माईक, माझ्या कानात मशीन. मधी माणूस कुठं होता?"

नांदेडला अर्धापूरच्या पोरांचं नाटक बघितलं, तेव्हा भर प्रयोगात लाइट गेली. पोरं थांबली नाहीत. मिट्ट काळोखात बाप लेकीला एवढंच विचारतो, "जेवलीस का?" महानंदाबाईंनी मला बोटानं आत दाबून धरलं. एक अक्षर सांडू नये म्हणून.

मग आली मंजुश्री. त्यांची सख्खी नात. तिनं निलंग्याच्या एका म्हातारीवर नाटक लिहिलं आणि म्हातारीही तीच झाली. ही म्हातारी कोण, ते घरात सगळ्यांना माहीत. दहा दिवसांवर नांदेडची स्पर्धा. त्याआधी लातुरात एक प्रयोग लावला, तो खास अव्वाचं मत घ्यायला.

पडदा उघडला. आतून हाक आली. मंजुश्री कमरेत वाकून आली आणि म्हणाली, "व्हय जी, आली की म्या!"

मी कानामागं बसते, नळी तेवढी आत. तिथली कातडी आवळलेली मला कळली. "आगं बया!" दुसऱ्यांदा आलं आणि मी रुमालात गेले. नेमका शांत प्रसंग. माझी शिट्टी थेट रंगमंचापर्यंत पोचली. मंजुश्रीचं वाक्य तिथंच अडखळलं.

घरी आल्यावर ती उभ्या उभ्याच म्हणाली, "अव्वा, अर्ध्यातच काढली तू!"

"ती बाई कुठली होती गं?"

"निलंग्याची. तूच की ती."

"मी जन्मात कधी 'व्हय जी' म्हणलेय? 'हाव' म्हणते मी. आन् कमरेत कवा वाकले?"

"आमचे दिग्दर्शक, अमरेश सर म्हणाले, 'हाव' म्हणलं की परीक्षकांना विदर्भातली बाई वाटते. 'व्हय' म्हणलं की खेडं कळतं."

"मग सरांना म्हणावं, निलंग्याची यष्टी कुठं जाते ते एकदा बसून बघा!"

"तुला काय कळतं नाटकातलं? चौथी शिकलेली तू!"

हा शब्द माझ्यातूनच आत गेला. मला अडवता आला नाही. त्यानंतर मंजुश्री घरात बोलेना. महानंदाबाई मला लावून दाराशी बसायच्या. ऐकवायला माझ्याकडं काही नसायचं.

स्पर्धेला त्या न बोलावता गेल्या, सिंधुताईंना घेऊन, यष्टीनं. मागच्या रांगेत बसल्या. पडदा उघडला, हाक आली. मंजुश्री ताठ चालत आली, पदर खोचत. "हाव, आले. काय झालं वरडायला?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग नाट्यगृह हळूहळू गप्प होत गेलं.

दुसऱ्या अंकात माझा सेल संपला. नवा पिशवीत होता, पण त्याचं पाकीट फाडताना चरचर आवाज होतो. महानंदाबाईंनी तो काढलाच नाही. मुकी झालेली मी कानात तशीच, आणि त्या शेवटपर्यंत नातीच्या ओठांकडं बघत होत्या.

नवा सेल घातला तोवर मंजुश्री रंगासकट धावत आलेली. "अव्वा, तू कवा आलीस? कसं झालं?"

"दुसरा अंक न्हाई ऐकू आला. सेल गेला."

"मग बसलीस कशाला?"

"माझंच बोलणं होतं की. तोंड बघून कळत होतं." आणि वर म्हणाल्या, "हात लई हालवतीस. ते कमी कर."

मंजुश्री रडत होती की हसत होती, ते मला आवाजावरून कळलं नाही.

नंबर आला नाही. परीक्षकांनी शेरा मारला होता, 'बोली विदर्भाची वाटते'. तो वाचून दोघी इतक्या हसल्या की मी कानातून निसटून खाली पडले आणि मला चीर गेली.

आता त्या चिरेवर चिकटपट्टी आहे. मला अर्धंच ऐकू येतं. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवी येणार. येऊ दे. नाटकवाल्यांनो, तुम्हाला एकच विनंती. मागच्या रांगेतली म्हातारी उठून जाईल म्हणून भिऊ नका. कुठलं वाक्य खोटं वाटलं, ते तिला विचारा.

आत्ता मंजुश्री नवं नाटक वाचून दाखवतेय. तिसऱ्याच ओळीला महानंदाबाई म्हणाल्या, "थांब. असं कोण बोलतं गं? परत म्हण."

ती परत म्हणतेय. एवढं वाचून होईपर्यंत तरी नवी मशीन आणू नका.