साळुबाईची झोप

साळुबाई आठवड्यातून दोनदा तरी दवाखान्याच्या तातडीच्या वॉर्डात यायची, आणि दर वेळी नवं दुखणं घेऊन यायची. कधी चक्कर, कधी छातीत कळ, कधी नुसतंच "लई गळाल्यागत झालंय." तपासलं की सगळं ठणठणीत. मग कंटाळून कुणीतरी सलाईनची बाटली लावायचं, आणि ही बाई दोन तास अशी गाढ झोपायची, की शेजारी हायवेवरची अपघाताची केस आली तरी हिला पत्ता नसायचा.

खरं दुखणं एवढंच होतं, की घरी तिला झोप नव्हती. उसाला लागून एकटीचं घर. मालक, चांगदेव, वारून तीन वर्षं झालेली आणि लेक समृद्धी लांब सासरी. गेल्या दिवाळीत बिबट्यानं अंगणातून कालवड नेली. तेव्हापासून डोळा मिटला की ऊस सळसळायचा, आणि सळसळला नाही तरी हिचे कान तो ऐकायचेच.

बाटलीत झोपेचं औषध असतं, ही तिची पक्की समजूत. थेंब थेंब अंगात उतरायला लागला की तिला वाटायचं, आपण पाटाच्या पाण्यावर उताणं पडून वाहत चाललोय. बांधावर चांगदेव बसलाय, पाणी कुठवर पोचलं ते बघतोय. उसाचं एक पान हलत नाही. तिला जगात दुसरीकडे कुठंच इतकं बरं वाटत नव्हतं.

त्या गुरुवारी मात्र नवे डॉक्टर होते. त्यांनी बीपी बघितलं, जुने केसपेपर चाळले. "आजी, तुम्हाला सलाईनची गरजच नाही. यापुढे लावायचं नाही. घरी जाऊन आराम करा."

"तितंच तर व्हत न्हाई ना आराम, सायेब," साळुबाई म्हणाली. पण तोवर ते पुढच्या खाटेपाशी गेले होते.

पाचच्या एसटीला अजून दोन तास होते. ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि तिला रडू कोसळलं. इथली झोपही गेली, म्हणजे आता मरेपर्यंत जागंच राहायचं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाजीराव होता. मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलणारा हमाल, दम्याचा पेशंट, इथलाच नेहमीचा. मशीनची वाफ घेऊन झाली होती, तरी छातीत शिट्टी वाजत होती.

"काय झालं वो मावशी?"

"माजी बाटली बंद केली, भाऊ. आता झोप कुटनं आणू?"

बाजीराव हसला, मग खोकला. "माजी बी तीच गत. आडवं झालं की जीव घुसमटतो. घरची समदी घोरत्यात आन मी आपला बसून. टेका तुमी पाठ. मी हाय जागाच."

तिनं आपलं त्याचं मन राखायला भिंतीला पाठ टेकली. ऐकता ऐकता ती शिट्टी लांब गेली. विहिरीवरची मोटार झाली, मग पाटाचं पाणी झाली. साळुबाई त्यावर अलगद तरंगली. बाटली नाही, सुई नाही, आणि तरी बांधावर कुणीतरी बसलं होतंच.

मग पाणी थांबलं.

ती दचकून उठली. शिट्टी बंद! बाजीरावाची मान छातीवर पडलेली. साळुबाई धावत आत गेली आणि वॉर्डातल्या प्रतीक्षा सिस्टरला हाताला धरून ओढतच घेऊन आली.

सिस्टरनं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, छाती ऐकली. "काही नाही आजी, झोपलाय. वाफ लागू पडली." इतक्यात फाटकातून ॲम्ब्युलन्स आत शिरली. "मला आत पळायला हवं. याच्याजवळ बसाल? शिट्टी परत लागली तर लगेच हाक मारा."

साळुबाई बसली. छाती वर जाते, खाली येते, एवढंच बघत राहिली. समोरच्या स्टॉपवर एसटी लागली, कंडक्टरनं ओळखून हात केला, बेल वाजली, एसटी गेली. तिचे डोळे टक्क उघडे होते, पण आज त्यांना भीतीनं उघडं ठेवलं नव्हतं. आत कुठंतरी लई बरं वाटत होतं, अगदी बाटली लावल्यासारखं.

सहाला सिस्टर बाहेर आली आणि दारातूनच ओरडली, "अहो आजी, तुमची गाडी गेली की!"

"हळू बोला बाई," साळुबाई म्हणाली. "माणूस झोपलंय."