तिसऱ्या अंकाचा जाणकार

नंदाखालच्या नरहरी चुरीला नाटकातलं कळतं, ही गोष्ट गावात सर्वमान्य होती. म्हणजे ज्यांना नाटकातलं कळत नव्हतं त्या सगळ्यांना मान्य होती. नरहरी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटला की दादरला उतरून चारचं नाटक बघायचा, आणि रविवारी सकाळी हिरामणच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे शिंपणाच्या तळ्याच्या, काठावर बसून ते दोस्तांना सांगायचा. हिरामण केळींना पाणी सोडून मोकळा झालेला असे, आणि चर्चमधली मिस्सा आटोपून ॲन्सेल्म मास्तर सायकलवरून आलेला असे. 'हे बघाच', 'याच्या वाटेला जाऊ नका', 'नायिका बरी, पण विंगेत बघून बोलते'. नरहरीचा शब्द शेवटचा. दोस्त स्वतः नाटकाला कधीच जात नसत. इतकं चांगलं फुकट ऐकायला मिळाल्यावर जायचं कशाला?

यातली अडचण एवढीच, की नरहरीने आयुष्यात एकाही नाटकाचा तिसरा अंक पाहिलेला नव्हता.

दोष त्याचा नव्हता, एस.टी.चा होता. विरारहून नंदाखालला शेवटची गाडी सव्वाआठची. ती चुकली तर टांगा. टांगेवाला चार उतारू जमल्याशिवाय घोडा हलवत नसे, आणि त्या वेळेला नंदाखालचे चार उतारू एकदम विरारला उतरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या अंकाचा पडदा पडून लोक बटाटेवड्याकडे धावले, की नरहरी स्टेशनाकडे धावे. तिसरा अंक तो गाडीत, बोरिवली ते विरार, स्वतःच रचत येई.

पहिल्या खेपेला त्याने खरं सांगायचं ठरवलं होतं. पण हिरामणने डोळे मोठे करून "मग? पुढे?" असं विचारलं, आणि याच्या तोंडून निघून गेलं, "मग म्हातारा मेला." तेव्हापासून नरहरीच्या तिसऱ्या अंकात कुणी ना कुणी मरायचंच. हिरामणला मरण आवडे. ॲन्सेल्मला मरणाआधी थोडा पश्चात्ताप लागे. नरहरी तोही घाली.

'बारा वर्षं अबोला' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं नाटक. रिटायर झालेला जज्ज आणि त्याचा थोरला मुलगा एकाच घरात बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. नरहरीच्या तिसऱ्या अंकात जज्जाने खणातून पिस्तूल काढलं, मुलगा "बाबा!" म्हणून ओरडला, आणि तो शब्द ऐकायला म्हातारा उरलेला नव्हता. हिरामणने पंच्याने डोळे पुसले. ॲन्सेल्म मात्र विचारात पडला. तो वसईच्या एका वाचनालयाच्या कमिटीवर होता आणि इमारतीच्या मदतीसाठी नाटक शोधत होता.

दोन महिन्यांनी तो सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडला, "ठरलं! तुझंच नाटक वसईला. शाळेच्या मैदानात, संध्याकाळी पाचला. कमिटीला म्हटलं, नरहरीने पास केलेलं आहे, डोळे मिटून आणा."

नरहरी म्हणाला, मैदानात ते रंगणार नाही. मग म्हणाला, डास फार. मग म्हणाला, जज्जाचं काम करणाऱ्या नटाचा घसा हल्ली गेलाय.

"तिकिटं संपली," ॲन्सेल्म म्हणाला.

प्रयोगाला दोस्तांनी त्याला पहिल्या रांगेत मधोमध बसवला. दोन अंक त्याने राजासारखे काढले. "आता बघ, सून ताट आपटणार," असं तो म्हणे आणि सून ताट आपटे. मागच्या रांगेतले लोक स्टेज सोडून त्याच्याकडे बघू लागले. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला तसा तो सवयीने उठला. हिरामणने सदरा धरून खाली ओढला. "चाललास कुठे? खरी मजा आता!"

तिसऱ्या अंकात खण कुणी उघडलाच नाही. जज्ज खुर्चीत पेपर वाचत बसला होता. मुलगा बाहेरून आला, चपला काढल्या, नेहमीसारखा आत जाऊ लागला. म्हाताऱ्याने पेपरातून डोकं न काढता विचारलं,

"जेवलास?"

मुलगा जागच्या जागी थांबला. पडदा पडला.

घटकाभर कुणी बोलू नये, असं नरहरीला फार वाटलं.

"हे काय?" हिरामण म्हणाला. "मेलं कोण?"

"कापला!" ॲन्सेल्म उठून उभा राहिला. "आपल्याला गावठी समजून शेवट कापला! चल नरहरी, जाब विचारू."

पडद्यामागे मुख्य नट मिशी सोडवत होता. "अहो, शेवट हाच आहे," तो दमून म्हणाला.

"ते दुसऱ्याला सांगा. ह्यांनी दादरला बघितलाय."

सगळे नरहरीकडे बघू लागले. मी तिसरा अंक पाहिला नव्हता आणि आजचा फार चांगला होता, एवढं म्हटलं की भागत होतं. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात हिरामणने अभिमानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादरला... पिस्तूल होतं," नरहरी म्हणाला.

"कसलं पिस्तूल?"

सांगावं लागलं. सुरुवातीला तो अडखळला, मग सवय कामी आली, आणि "बाबा!" तर असा आला की कपडेपटवाल्याच्या हातातली इस्त्री थांबली. नट ऐकत राहिला. गेले दीडशे प्रयोग तो एका खुर्चीत बसून "जेवलास?" म्हणत होता आणि टाळी मुलाच्या थांबण्याला मिळत होती. दादरला हे कधी आणि कुणी केलं, ते त्याने विचारलं नाही. "लेखक नागपूरला असतात," तो आरशात बघत स्वतःशीच म्हणाला. "दौऱ्यावर येतात कुठे."

दीड महिन्याने हिरामण आणि ॲन्सेल्म मुद्दाम पालघरला जाऊन तेच नाटक बघून आले. रविवारी बावखलावर हिरामणच्या अंगात आलं होतं. "तू म्हणालास तस्संच, नरहरी! पिस्तूल, बाबा, सगळं! दोन वन्समोर. म्हातारा तीनदा मेला!"

नरहरी पाण्याकडे बघत होता. "वसईचा शेवट चांगला होता," तो म्हणाला.

"कुठला? तो जेवलासवाला?"

"बारा वर्षांनी माणूस दुसरं काय बोलणार रे? आणि ऐका. दादरला मी तिसरा अंक बघितलाच नव्हता. पिस्तूल माझं होतं."



"बघितला नव्हतास," ॲन्सेल्म वर्गात समजवावं तसं म्हणाला, "मग पालघरला तंतोतंत तसंच कसं झालं?"

"दर शनिवारी नाटकं बघून डोळा मरतो माणसाचा," हिरामण हळहळला. "एके काळी याला काय कळायचं!"

इतक्यात शेजारचा शत्रुघ्न केळीचा लोंगर खांद्यावर घेऊन बांधावरून आला. "नरहरीभाऊ, मेव्हणे आलेत. कुठल्या नाटकाला नेऊ?"

नरहरीने तोंड उघडलं.

"त्याला काय विचारतोस? लोंगर ठेव खाली," हिरामण म्हणाला, आणि शत्रुघ्नला जागा करून देत त्याने सांगायला सुरुवात केली, थेट तिसऱ्या अंकापासून.